वकील मोकळा झाला का?

आमच्या घरात सकाळ, दुपार, संध्याकाळ कोणीतरी कोणालातरी ओरडून विचारायचं, "वकील मोकळा झाला का?" खाली दुकानात नवं गिऱ्हाईक असलं की ते दचकायचं. एकदा एक खरेखुरे वकील काळा कोट इस्त्रीला टाकायला आले होते. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "कुठल्या केसमध्ये अडकलाय बिचारा?" मी म्हटलं, "साहेब, आमचा बोका आहे तो. लघवी झाली का म्हणून विचारतायत." तेव्हापासून ते कोट दुसरीकडे टाकायला लागले. गेले तर गेले.

बोक्याचं हे नाव पडलं ते त्याच्या अंगावरून. सगळा काळाकुट्ट आणि गळ्याखाली दोन पांढऱ्या पट्ट्या. स्वभावही तसाच, आपला काही संबंध नसताना दुसऱ्याच्या भांडणात जाऊन मध्ये बसायचं.

मी या घरातली थोरली. लॉंड्री आमच्या वडिलांची, ती आता मी आणि माझा धाकटा भाऊ चालवतो. लग्न मी केलं नाही, आणि का केलं नाही असं विचारणाऱ्यांचे कपडे मी मुद्दाम उशिरा देते. खाली दुकान, मागे धुण्याचा हौद, वर दोन खोल्या आणि एक गॅलरी. तेवढ्यात धाकटा, त्याची बायको, मी आणि त्यांची एकुलती एक पोर. पोरीला सगळे बटण म्हणतात. रांगत होती तेव्हा तिनं कोणाच्या तरी शर्टाचं बटण गिळलं, आणि ते बाहेर येईपर्यंत आम्ही तिघं हातातली कामं टाकून तिच्या मागे मागे. बटण आलं, धुऊन शर्टाला परत लागलंसुद्धा, आणि नाव तेवढं पोरीला चिकटलं.

ही गोष्ट बटणची आहे. लोक सांगतात ती अशी की एवढ्याशा पोरीनं लुळ्या मांजराची किती सेवा केली, बघा. तशी सांगितली की माझं डोकं फिरतं. म्हणून मीच सांगते.

वकिलाला ऊब लागायची. इस्त्री करून ठेवलेल्या कपड्यांच्या ढिगावर जाऊन झोपायचा, केस चिकटायचे, गिऱ्हाईक बोंबलायचं, आणि मी त्याला झाडूनं हाकलायची. दिवसभर बाहेर उंडारायचा आणि दुकान बंद व्हायच्या वेळी बरोबर हजर. मग त्याचा आणि धाकट्याचा एक ठरलेला खेळ होता. धाकटा शटर अर्ध्यावर आणायचा आणि थांबायचा. वकील रस्त्यावरून असा ऐटीत यायचा, जणू कोर्ट त्याच्यासाठीच खोळंबलंय. तो खालून आत शिरला की धाकटा म्हणायचा, "या साहेब," आणि उरलेलं शटर धाडकन खाली. इतकी वर्षं चाललं होतं हे. एका दिवशी धाकटा रस्त्यावर कोणाशी तरी बोलता बोलता शटर अर्ध्यावर थांबवायचं विसरला. वकील मात्र नेहमीसारखाच शिरला.

तो आवाज मला अजून ऐकू येतो. त्यावर जास्त बोलत नाही.

प्राण्यांच्या डॉक्टरकडे मी, धाकटा आणि बटण गेलो. बटण तेव्हा पाचवीत होती. वकील कपड्यांच्या टोपलीत. डॉक्टरनं तपासलं आणि सांगितलं, कंबर गेली. मागचे पाय आता चालायचे नाहीत, आणि लघवीही त्याला आपली आपण होणार नाही. लघवीची पिशवी भरत राहणार, ती दिवसातून तीनदा हातानं रिकामी करावी लागेल. राहिली तर विष होईल. नाहीतर इंजेक्शन द्यायचं, शांत झोपेल.

धाकटा म्हणाला, "देऊन टाका. मला नाही बघवत," आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला. बटणनं टोपलीवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाली, "मला शिकवा." डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं म्हणे. मी कुठली बघतेय! मला रक्त बघवत नाही म्हणून मी डोळे गच्च मिटून उभी होते. रक्त नव्हतंच, हे मला नंतर कळलं. तर शिकली ती एकटी बटण. डॉक्टरनं तिच्या हातावर हात ठेवून शिकवलं, आणि निघताना सहज बोलावं तसं म्हणाला, "जमतंय तोवर करा. कंटाळलात तर घेऊन या परत, त्यात काही वाईट नाही."

डॉक्टर भला माणूस. पण आपण बोलून जातो आणि ऐकणारं पोर ते गाठीला बांधून ठेवतं.

झालं, तिथून पोरीचा संसार सुरू. सकाळी उठली की तोंड धुवायच्या आधी वकील. मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकावरचा शिपाई तिला सोडायचा, ती पळत घरी, जिन्यानं वर, वकील मोकळा, हात धुवायचे, आणि पळत परत. डबा कधी खायची? धावता धावता खायची. संध्याकाळी परत तेच. खाली जुन्या चादरीचे तुकडे घालायची, ते आपणच हौदावर धुवायची, पाय घासून जखम झाली की मलम लावायची. वकील पुढच्या दोन पायांवर अंग ओढत तिच्या मागे फरशीवर घसरत फिरायचा आणि मग तिच्या मांडीवर चढवून घ्यायला ओरडायचा. कामवाली ठेवली असती तर महिन्याभरात सोडून गेली असती.

आणि धाकटा? तो वकिलाच्या खोलीत पाऊल टाकत नव्हता. जेवताना ताटातला माशाचा चांगला तुकडा काढून बटणच्या हाती पाठवायचा, "दे त्याला," एवढंच. दुकान बंद करताना मात्र गुडघ्यावर बसून, मान वाकडी करून शटरखालून पुढेमागे बघायचा. वर वकील बसलाय, याला माहीत आहे, तरी बघायचा. मग शटर इतकं हळू खाली आणायचा की रस्त्यावरचे लोक बघत राहायचे. मी एकदा बोलले, "अरे, पहाटेपर्यंत लागेल का?" त्यानं पुन्हा एकदा वाकून शटरखालून बघितलं. मग मी त्याला पुन्हा बोलले नाही.

पोरीचं काय झालं ते कोणी बघत नव्हतं. वाढदिवसाला बोलावलं की बटण विचारायची, किती वाजता संपणार? मग जायचीच नाही. हळूहळू बोलावणंच बंद झालं. वर्गात मुली नाक धरायच्या म्हणे, मांजराच्या लघवीचा वास येतो म्हणून. ती आमच्या कपड्यांच्या साबणानं हात इतके घासायची की सालटं निघायची. तिचा मामा दर सुट्टीत न्यायला यायचा. त्याच्या गावाला समुद्र आहे. त्या वर्षी मामा आला, जेवला, आणि एकटाच परत गेला. बटण गॅलरीतून त्याला हात हलवत होती, तिच्या कडेवर वकील. लांबून कोणालाही वाटलं असतं, काय सुखाचं चित्र आहे.

आणि वरून कौतुक. कौतुकाला काय तोटा! गिऱ्हाईक आलं की, "कुठाय ती गुणाची पोर?" शाळेत मुख्याध्यापिका बाईंनी तिला सगळ्यांसमोर उभी केली, भूतदया का काय त्यावर भाषण ठोकलं आणि टाळ्या वाजवायला लावल्या. मी गेले होते, बघितलं तिचं तोंड. टाळ्या चालल्या होत्या आणि पोर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. मधली सुट्टी संपत आली होती ना! माझ्या मनात आलं, अहो बाई, भाषण आवरा, पोरीचा बोका तुंबलाय. कौतुक करणारे संध्याकाळी आपापल्या घरी जाऊन पाय पसरून झोपतात. ज्याचं कौतुक होतं त्याला मात्र मग "आज नको" म्हणायची सोय राहत नाही.

बरं, आम्ही मदत करायला नाही गेलो असं नाही. माझ्या भावजयीनं करून बघितलं. वकील असा किंचाळला की खालची गिऱ्हाइकं वर बघायला लागली, आणि तिच्या मनगटावर तीन ओरखडे. मी करून बघितलं, मला चावला. एक थेंब आला नाही. बटण दाराशी हाताची घडी घालून उभी. आमचं थोबाड फुटलं की ती पुढे यायची, आमच्याकडे पाठ करून बसायची आणि क्षणात फरशीवर ओघळ. म्हणायची, "त्याला माझाच हात लागतो." आम्ही म्हणायचो, खरंच गं बाई, मुक्या जनावराला माया कळते. आणि सुटलो म्हणून आपापल्या इस्त्रीकडे जायचो.

असं वर्ष उलटून गेलं. बटण सहावीत गेली.

एका दुपारी तिच्या शाळेतल्या खेळाच्या बाई दुकानात आल्या. मला वाटलं गणवेशाचं काम आणलंय. बाई म्हणाल्या, "तुमची मुलगी मधल्या सुट्टीत फाटकातून सुटते ना, ते मी वरच्या खिडकीतून रोज बघते. एकदा घड्याळ लावलं. ताई, आमच्या शाळेत कोणी एवढं पळत नाही. मुलगेसुद्धा नाहीत." शाळांच्या शर्यती दुसऱ्या गावी होत्या. एक दिवस जायचं, दुसऱ्या दिवशी शर्यत, तिसऱ्या दिवशी परत. बाईंनी पिशवीतून धावायचे बूट काढून टेबलावर ठेवले. शाळेचे होते, जुने, पण चांगले.

बटण हौदापाशी होती, लोकरीचे कपडे धूत होती. इस्त्रीजवळ आम्ही तिला फिरकू देत नाही, त्यामुळे दुकानात तिच्या वाटणीला स्वेटर आणि शाली. तिला हाक मारली. ती ओले हात फ्रॉकला पुसत आली, बाईंचं सगळं ऐकून घेतलं, बुटांकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "मला नाही जमणार."

"का गं?"

"वकील आहे."

बाईंना वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. मी समजावून सांगितलं. बाई म्हणाल्या, "दोन-तीन दिवसांचा तर प्रश्न आहे, घरातलं कोणीतरी करेल." बटण अगदी गोड आवाजात म्हणाली, "त्यांना येत नाही." बाई बूट तसेच ठेवून गेल्या, म्हणाल्या, आठवड्यात सांगा.

त्या आठवड्यात माझ्या भावजयीनं पुन्हा हात भाजून घेतले, म्हणजे ओरबाडून घेतले. धाकटा नुसता म्हणत राहिला, "जाऊ दे तिला, बघू काहीतरी." बघू म्हणजे काय, डोंबल! जो माणूस बोक्याकडे बघत नाही तो काय बघणार? मी डॉक्टरकडे ठेवून घ्यायचं विचारलं, तिथे राहायची सोय नव्हती. आणि बटण? ती मला रडताना दिसली नाही. उलट आईचा हात चुकला की तिचा चेहरा जरा सैल पडायचा. मला ते खटकलं. म्हटलं, हे काय? पोरीला जायचंच नाहीये की काय?

मग एकदा हौदाच्या कडेला तिला बघितलं. तिनं ते बूट घातले, नाड्या नीट बांधल्या, दोनदा उभ्या उभ्या उडी मारली. मग खाली बसून नाड्या सोडल्या, बूट काढले, पुसले आणि एकात एक घालून ठेवले. जरा वेळानं परत घातले. हे असं किती वेळ चाललं होतं कोण जाणे. मी जिन्याआड उभी होते, आणि सांगून टाकते, माझ्या डोळ्यांना पाणी आलं. जायचं नाही तर काय! जीव तुटत होता पोरीचा.

दुसऱ्या दिवशी मी ठरवून तिच्या समोर बसले, ती वकिलाला मोकळं करते ते बघायला. ती म्हणाली, "आत्या, तू जा ना. कोणी बघत असलं की तो करत नाही." मी म्हटलं बरं, आणि गॅलरीत जाऊन खिडकीच्या फटीतून बघितलं. वर्षभरात पहिल्यांदा तिचे हात मला समोरून दिसले. आणि मी कपाळाला हात लावला.

ती दाबतच नव्हती.

आम्ही लॉंड्रीवाले. आमचा हात उभ्या जन्मात वरून खाली चालतो. इस्त्री धरली की वजन खांद्यातून उतरतं, आपल्याला कळतसुद्धा नाही. मी वकिलाला तसंच दाबलं होतं, भावजयीनं तसंच दाबलं होतं. तो बिचारा किंचाळणार नाही तर काय करेल? बटणनं हात त्याच्या पोटाखालून घातले, दोन्ही बाजूंनी आणले, आत काहीतरी सापडेपर्यंत थांबली, आणि मग दोन तळवे हळूच एकमेकांजवळ. ओला स्वेटर पिळत नाहीत, नुसता तळव्यांत धरतात, पाणी आपलं आपण निथळतं, तसं. आणि तिला ते ठाऊक होतं. आम्ही कुठे चुकतो ते दाराशी उभी राहून ती दर वेळी बघत होती.

मी आत गेले. माझा राग म्हणजे तुम्हाला काय सांगू! म्हटलं, "आम्ही इस्त्रीसारखं दाबतो, हे तुला माहीत होतं?"

तिनं मलमाची डबी उघडली.

"विचारतेय मी. माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस? वर्षभर स्वतःचे हाल करून घेतलेस, आईला ओरबाडून घेऊ दिलंस. सांगितलं असतंस तर आम्हालाही आलं असतं ना!"

"म्हणूनच नाही सांगितलं," बटण म्हणाली. वकिलाच्या पायांना मलम लावत होती, मान वर केली नाही. "तुम्हाला आलं असतं. मग तुम्ही केलं असतं. मग तुम्ही कंटाळला असता. डॉक्टरकाका म्हणालेत, कंटाळलात तर घेऊन या. बाबा तर आधीच देऊन टाका म्हणाले होते. मला एकटीला येत असलं तर मी कंटाळले नाही की झालं."

मी मट्कन खाली बसले. अकरा वर्षांचं पोर, आणि वर्षभर एकटीच पहारा देत होती. आम्ही बाहेरून टाळ्या वाजवत होतो.

"आत्या, सांगू नको ना," ती म्हणाली.

"नाही सांगत," मी म्हटलं. "पण तुझ्या बापाला वर आणतेय. पुढचं तुझं तू बघ."

खाली गेले आणि धाकट्याला म्हटलं, "इस्त्री बंद कर."

"गठ्ठा संपवून—"

"बंद कर म्हणते ना!"

तो जिन्यात थबकला. "ताई, मला नाही जमायचं."

"तुला जमणार नाही हे मला माहीत आहे. तरी चल." लहानपणी न्हाऊ घालायला न्यायची तसं त्याला दंडाला धरून वर नेलं.

वकील चादरीवर पडला होता. धाकटा त्याच्यासमोर बसला आणि वर्षभरानं त्यानं त्याच्याकडे नीट बघितलं. कंबरेखालचे ते वाळलेले पाय बघितले. त्यानं बोटं पुढे केली. वकिलानं त्याची बोटं हुंगली, एकदा फिस् केलं, आणि मग भली मोठी जांभई दिली, तारीख पुढे गेल्यावर देतात तशी. दाराशी माझी भावजय येऊन उभी राहिली होती. संध्याकाळची वेळ झालेली, वकिलाचं पोट टम्म.

धाकट्यानं हात ठेवला. आणि जे आम्ही केलं तेच त्यानं केलं, वरून खाली. वकील ओरडला. धाकट्यानं चटका बसल्यासारखा हात काढला. "बघितलंस ना, ताई? मला नाही जमत. मी परत त्याला—"

"परत ठेव," मी म्हटलं.

त्यानं परत ठेवला. वकील परत ओरडला. मी बटणकडे बघितलं नाही. मुद्दामच नाही. पण ती भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या पायाचा अंगठा फरशी घासत होता, तो आवाज येत होता. भावजय म्हणाली, "ताई, बस करा हो, दोघांचे हाल होतायत." मी तिला हातानंच थांबवलं. वकील तिसऱ्यांदा ओरडला तेव्हा धाकट्याच्या डोळ्यांतून धार लागली होती, तरी त्यानं हात काढला नव्हता.

"लोकर, बाबा," बटण म्हणाली.

"अं?"

"इस्त्री नाही. लोकर. स्वेटरसारखं धरा."

धाकट्याच्या खांद्यातलं वजन गेलेलं मला दिसलं. त्याचे ते राकट हात वकिलाच्या पोटाखाली गेले आणि थांबले. "हे का? लिंबासारखं?" बटणनं मान हलवली. त्यानं तळवे जवळ आणले. आणि मग काय, महापूर! चादर भिजली, त्याची पँट भिजली, वकील डोळे मिटून पडलेला. माझी भावजय हसायला लागली, मी हसायला लागले, धाकटा रडता रडता हसायला लागला. खालून कोणीतरी गिऱ्हाईक ओरडलं, "अहो, कोणी आहे का?" मी गॅलरीतून ओरडले, "थांबा हो, वकील मोकळा होतोय!"

एकटी बटण हसली नाही. ती येऊन खाली बसली आणि वकिलाच्या पोटाला हात लावून बघितला. पोट रिकामं होतं. मग तिनं बापाला विचारलं, "आता तुम्ही कंटाळलात तर?"

धाकट्याला त्या प्रश्नामागचं काही माहीत नव्हतं, मी सांगितलं नव्हतं. पण बाप होता. त्यानं ओले हात तसेच मांडीवर ठेवले. "शटर मी ओढलंय, बटण," तो म्हणाला. "मी कसा कंटाळेन?"

ती शर्यतीला गेली. गाडीत बसेपर्यंत तिनं बापाला पंचवीस सूचना दिल्या आणि गाडी सुटल्यावर खिडकीतून सव्विसावी. धाकट्यानं सगळं निमूटपणे केलं. दुपारी शाळेची मधली सुट्टी व्हायच्या वेळेला इस्त्री बाजूला ठेवायचा आणि गिऱ्हाइकाला "आलोच" म्हणून जिना चढायचा. मी खालून विचारायचे, तो वरून सांगायचा.

तिसऱ्या दिवशी खेळाच्या बाई तिला घेऊन दुकानाशी आल्या. बटण गाडीतून उतरली ती थेट जिन्यानं वर. बाई मात्र थांबल्या. म्हणाल्या, तिसरी आली, पहिल्या वर्षाला फार छान. मग जरा घुटमळल्या. "ताई, एक विचारू? शर्यत भर दुपारची होती. रेषा ओलांडली की मुलं थांबतात ना, आडवी पडतात, पाणी मागतात. ही थांबलीच नाही. तशीच पळत मैदानाच्या फाटकातून बाहेर, रस्त्यावर. मी मागून ओरडतेय, लोक ओरडतायत. एका दुकानदारानं हात आडवा घालून धरली. मी विचारलं, अगं कुठे निघाली होतीस? तर तिलाच कळेना. इकडेतिकडे बघायला लागली."

मी बाईंना चहा विचारला. त्या नको म्हणून गेल्या.

वर गेले तर बटण जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसली होती. पायात ते बूट तसेच, पाठीवर पिशवी तशीच. आतून वकिलाच्या घुरघुरण्याचा आवाज येत होता आणि धाकटा त्याच्याशी काहीतरी बोलत होता.

"काय गं, बघितलंस का त्याला?"

"बघितलं. मोकळा आहे. बाबांनी केलंय." ती हातांकडे बघत होती. सालटं निघालेली जागा भरत आली होती. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आत्या, आता मी काय करू?"

मी तिच्याशेजारी बसले. तिच्या पाठीवरची पिशवी उतरवून घेतली. म्हटलं, "आधी बूट काढ." ती नाड्या सोडायला लागली. मध्येच थांबली आणि आतल्या आवाजाकडे कान लावून बसली.